पिवळ्या पुडीचं झाड

एस.वाय.च्या प्रॅक्टिकलला एका मुलीने पाण्याने भरलेल्या बीकरवर लायकोपोडियमची पूड भुरभुरली. तिला दिलेला प्रयोग तो नव्हता. तिच्या गटातली बाकीची मुलं आवाजाच्या लहरी दाखवणाऱ्या कुंट्स ट्यूबचा पितळी दांडा राळ लावलेल्या कापडाने घासत होती, त्या किंचाळीने अख्खी लॅब कावली होती, आणि ही मात्र खिडकीपाशी बीकर घेऊन उभी. पाण्यावर पिवळा थर नीट धरला तशी तिने त्यात तर्जनी घातली. बोटाबरोबर थर खाली गेला, बोटाभोवती हवेचा पातळ चंदेरी पडदा चमकला, आणि बोट बाहेर आलं ते ठणठणीत कोरडं. “मॅडम, भिजलंच नाही!” मी तिला कारण सांगितलं. या कणांना पाणी चिकटत नाही, त्यांच्या अंगावर जाळी असते, जाळीत हवा अडकते, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण ही पूड कसल्या झाडाची?” मी म्हटलं, लायकोपोडियम नावाचीच वनस्पती आहे, तिचे हे बीजाणू. “हो, पण दिसतं कसं ते? वेल असतो का झुडूप? उभं वाढतं का पसरतं?” मुलगी आजऱ्याकडची, शेतकऱ्याच्या घरातली. हळद म्हटलं की तिच्या डोळ्यापुढे हळदीचं पान येतं, शिकेकाई म्हटलं की काटे. झाडावाचून आलेली पूड तिला अर्धवट वाटत होती. मी तिला पुस्तकातली ओळ सांगितली: जमिनीसरपट वाढणारी, फुलं नसलेली वनस्पती. ती “बरं” म्हणाली आणि दांडा घासायला गेली.

ते “बरं” माझ्याबरोबर घरी आलं.

कारण या पुडीशी माझी ओळख जुनी. बी.एस्सी.ला असताना पहिल्यांदा ती हातात घेतली तेव्हा तिचा स्पर्श किती वेळ विसरता आला नव्हता. चिमटीत धरावी तर चिमटीत काही आहे असं वाटत नाही. बोटांमधून ती सांडते म्हणण्यापेक्षा वाहते, आणि तरी टाल्कसारखी कोरडेपणाने खरखरत नाही. तिच्यात एक तेलकट मऊपणा आहे. वास जवळजवळ नाहीच. रंग फिकट पिवळा, जुन्या पुस्तकाच्या पानाच्या जवळ जाणारा. कुंट्स ट्यूबमध्ये आडव्या नळीत तिची बारीक रेघ पसरायची, दांडा घासला की आतली हवा स्थिर लहरींनी थरथरायची आणि पूड ठरावीक अंतरावर ढिगाऱ्यांत गोळा व्हायची. आवाज डोळ्यांना दिसण्याचा तो माझा पहिला अनुभव. ऑगस्ट कुंट याने 1866 साली ही युक्ती काढली. बुचाचा भुगा वापरूनही काम भागतं, पण या पुडीचे ढिगारे जितके रेखीव पडतात तितके भुग्याचे पडत नाहीत.

त्याहून मला आवडायचा तो वलयांचा प्रयोग. काचपट्टीवर पूड अगदी विरळ पसरायची, तिच्यातून लेसरचा लाल झोत सोडायचा आणि समोरच्या भिंतीवर बघायचं. मधोमध प्रखर ठिपका, त्याच्याभोवती काळं वलय, मग लाल वलय, पुन्हा काळं. पडदा एक मीटरवर असला तर पहिल्या काळ्या वलयाची त्रिज्या सुमारे अडीच सेंटिमीटर येते आणि त्यावरून गणित केलं की कणाचा व्यास निघतो साधारण 30 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरात तेहतीसेक कण शेजारी शेजारी मावतील. पातळ ढगाआड चंद्र असतो तेव्हा त्याला अगदी लगटून जे लहान रंगीत खळं पडतं, ते याच कारणाने. तिथे ढगातले थेंब असतात, इथे बीजाणू. पण खळं असं स्वच्छ पडायला एक अट आहे. सगळे कण एकाच मापाचे हवेत. लहानमोठ्या कणांची वलयं एकमेकांवर चढतात आणि सगळं धूसर होतं. पिठाची वलयं पाडून बघा, लक्षात येईल. लायकोपोडियमची वलयं मात्र काळी-लाल, नीट कापलेली. हे कण एकमेकांशी इतके सारखे का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. ते तसे आहेत म्हणून प्रयोग होतो, एवढं पुरेसं होतं.

आणि त्याच्याही आधी हे नाव आमच्या घरात होतं. आजोबांच्या होमिओपॅथीच्या लाकडी पेटीत, साबुदाण्याच्या गोळ्यांच्या बारक्या बाटल्यांच्या ओळीत, एका बुचावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘लायको. 200’ लिहिलेलं असे. संध्याकाळी पोट फुगलं, गॅस झाला की आजी ती बाटली मागायची. आम्हा मुलांना त्यातल्या साखरेशी मतलब. 200 पोटन्सीपर्यंत विरळ करत नेल्यावर त्या गोळीत त्या झाडाचा एकही कण उरत नाही हे पुढे शिकले. तेव्हा एवढं कळतं की आमच्या घरात ते झाड फक्त नावाने राहत होतं. पुढे कॉलेजात ते पूड म्हणून भेटलं. फार्मसीला गेलेल्या मैत्रिणीला ते आकडा म्हणून भेटलं: 1 मिलिग्रॅम लायकोपोडियममध्ये 94,000 बीजाणू. चूर्णात भेसळ किती हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजताना ती लोकं ठरावीक वजनाचे हे बीजाणू मिसळतात आणि त्यांच्या तुलनेत बाकीचे कण मोजतात. हा आकडा आमची मैत्रीण झोपेतही सांगायची. झाड तिनेही पाहिलं नव्हतं.

मुलीच्या प्रश्नानंतर मी या पुडीचं जिथे मिळेल तिथे वाचत गेले, आणि हिने माणसाच्या किती कामांत हात घातलाय ते बघून थक्क झाले. फ्रान्समध्ये निसेफोर निएप्स आणि त्याचा भाऊ क्लोद यांनी एक इंजिन केलं होतं. त्यात हवेबरोबर लायकोपोडियमची पूड फुंकायची आणि ती पेटवून द्यायची. त्या स्फोटाच्या धक्क्याने त्यांनी सोन नदीत होडी चालवून दाखवली आणि 1807 साली पेटंट मिळवलं. पेट्रोलच्या इंजिनाच्या किती आधी! हाच निसेफोर निएप्स पुढे छायाचित्रणाचा आद्य पुरुष झाला. युरोपातल्या नाट्यगृहांत वीज चमकवायला हीच पूड मशालीवर उडवत. ढीग पेटवायला गेलात तर ती धड जळत नाही. हवेत उधळली की तिचा एकदम ज्वाळेचा लोट होतो. वजनाने जवळजवळ निम्मं तेल असतं तिच्यात. आणि न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात, 22 ऑक्टोबर 1938 रोजी, चेस्टर कार्लसन आणि त्याचा मदतनीस ओटो कोर्नाई यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारित केला, काचेवर शाईने तारीख आणि गावाचं नाव लिहून ती काच त्यावर ठेवली, प्रखर दिवा लावला, मग काच काढून पत्र्यावर लायकोपोडियम भुरभुरली आणि फुंकर मारली. जास्तीची पूड उडाली. अक्षरांपुरती चिकटून राहिली. मेणाच्या कागदावर ती उठवून घेतली. ती जगातली पहिली झेरॉक्स. आपल्याकडे तहसील कचेरीबाहेर जी रांग लागते तिचा उगम या पिवळ्या चिमटीत आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

आमच्या कॉलेजात बॉटनी डिपार्टमेंट आमच्या वरच्या मजल्यावर. तिथल्या बाई वयाने माझ्याएवढ्याच, त्यांच्याशी चहापुरतं बोलणं. त्यांना विचारलं तर त्यांनी कपाटातून काचेच्या बरणीतला, फॉर्मालिनमध्ये रंग उडालेला एक नमुना काढून दाखवला. त्यातून काही कळेना. “लायकोपोडियम तुम्हाला इथे कुठे दाखवू? पण तिचं नात्यातलं दाखवते,” म्हणाल्या, आणि पावसाळ्यात मुलांची ट्रिप आंबोलीला गेली तेव्हा मला बरोबर घेऊन गेल्या. घाटाच्या कडेला, सतत पाझरणाऱ्या दगडी भिंतीवर, हाताच्या उंचीवर त्यांनी बोट ठेवलं: सेलाजिनेला. मी आजवर त्याला शेवाळ समजत आले होते, आणि घाटातून जाणारे बहुतेकजण तसंच समजत असतील. जवळून पाहिलं तर ते शेवाळ नव्हे. जमिनीला चिकटून एक बारीक खोड, आणि त्यावर पानांच्या चार रांगा: दोन बाजूंना पसरलेल्या मोठ्या पानांच्या, आणि वर दोन बारक्या पानांच्या, खोडाला चपटून बसलेल्या. त्यामुळे फांदी वरून विणलेली दिसते आणि खालून वेगळीच. खोड जिथे फुटतं तिथून एक पांढुरका, पान नसलेला धागा निघून सरळ खाली मातीकडे जातो आणि माती लागली की मुळं फोडतो. बाईंनी भिंगाखाली पानाच्या बुडाशी एक इवलीशी पारदर्शक जिभली दाखवली. “ही लायकोपोडियमला नसते. आणि हिचे बीजाणू दोन प्रकारचे, मोठे नि बारके. तुमच्या पुडीचे एकाच प्रकारचे.” पाऊस रेनकोटच्या आत शिरत होता, मुलं धबधब्याकडे पळाली होती, आणि आम्ही दोघी त्या भिंतीला नाक लावून उभ्या. एकाच प्रकारचे, एकाच मापाचे. माझ्या वलयांचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं.

खरं झाड भेटलं सिक्कीममध्ये.

दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांबरोबर गेले होते. दक्षिण सिक्कीममधल्या रावंगलाच्या आसपास, सुमारे 2,000 मीटर उंचीवर, रस्ता कापताना उघडी पडलेली मातीची उतरण होती. गाडी चहासाठी थांबली. उतरणीवर गवत, नेचे, आणि त्यांच्यामधून खाली लोंबणाऱ्या हिरव्या, केसाळ दोऱ्या. मी चहा तसाच ठेवला. फॉर्मालिनमधला तो उडालेला रंग इथे पोपटी होता, टोकांना तर जवळजवळ पिवळा. खोड बोरूएवढंही जाड नाही, पण त्याच्या अंगावर पानं इतकी दाट की खोड दिसतच नाही. सुयांसारखी अरुंद, पाच-सहा मिलिमीटर लांब, सगळ्या बाजूंनी गोल फिरत बसलेली आणि टोकाकडे आत वळलेली. फांदी हातात घेतली तर मुंगसाची शेपटी धरल्यासारखं वाटलं. उलट्या दिशेने बोट फिरवलं की खरखरीत, सुलट फिरवलं की मऊ. कोवळ्या शेंड्यावर प्रत्येक पानाच्या टोकाला एक पांढरा, पारदर्शक केस होता, आणि धुकं नुकतंच वर सरकल्यामुळे त्या केसांवर बारीक थेंब धरले होते. एक पान खुडून उजेडासमोर धरलं. मधून एकच शीर, बुडापासून टोकापर्यंत, वाटेत तिला एकही फाटा नाही. पिंपळाच्या पानाची जाळी बघितलेल्या डोळ्यांना हे पान फार साधं वाटतं. हा साधेपणा जुना आहे. नेच्यांच्या आणि फुलझाडांच्या सामाईक पूर्वजांपासून हे घराणं 40 कोटी वर्षांहून आधी वेगळं झालं आणि एका शिरेचं पान त्याने आजतागायत सोडलेलं नाही.

मग मी त्या दोरीचा माग काढत गेले. एक टोक धरून मागे मागे जात राहिलं तर मीटरभर, कधी त्याहून लांब, खोड जमिनीवरून पळत गेलेलं दिसतं. मध्ये मध्ये खालच्या अंगाने पांढुरकी मुळं मातीत गेलेली. तीही दोन दोन फाटे फुटत गेलेली. या झाडाला फुटायचा एकच मार्ग माहीत आहे. शेंडाच दुभंगतो. आपल्या ओळखीच्या झाडांना पानाच्या बगलेतून फांदी येते, इथे तसं नाही. वाढणारं टोक स्वतःच दोन होतं. त्यातलं एक तसंच जमिनीवरून पुढे पळतं, दुसरं मान वर करतं आणि पुन्हा दुभंगत हातभर उंचीची छोटी झुपकी करतं. पुढचं टोक पोपटी, तरतरीत, आणि मागे जावं तसं हिरवं गडद होत जातं, मग तपकिरी, मग पानं गळालेली काडी, आणि शेवटी नुसती माती. हे झाड पुढून वाढतं आणि मागून मरतं. मागचं खोड कुजलं की त्याचे दोन फाटे सुटे होतात आणि दोन वेगळी झाडं म्हणून आपापल्या वाटेने निघतात. त्या उतरणीवर किती झाडं होती, या प्रश्नाला तिथे उत्तर नव्हतं. त्या मुलीने तिथे विचारलं असतं, उभं वाढतं का पसरतं, तर ती उतरण दाखवून म्हणता आलं असतं: पसरतं, चालतं, आणि फक्त एका कामासाठी उभं राहतं.

ते काम म्हणजे बीजाणू सोडणं. वर उठलेल्या काही फांद्यांच्या टोकावरून एक बारीक देठ सरळ उभा गेलेला होता, वीतभर नाही पण जवळजवळ तेवढा. फांदीवर पानांची एवढी गर्दी, आणि या देठावर मात्र तुरळक खवले. देठाच्या टोकाला दोन-तीन पिवळसर शंकू, सडपातळ, दोन-चार सेंटिमीटर लांब, आकाशाकडे तोंड करून. (हिमालयातल्या या झाडाला युरोपातल्या ‘लायकोपोडियम क्लॅव्हेटम’ या जातीपासून वेगळं, जपानी नाव देणारे वनस्पतिशास्त्रज्ञही आहेत; शंकूंची संख्या, केस टिकतात की गळतात यावर त्यांचा भर असतो. माझ्या डोळ्याला तो फरक तिथे कळण्यासारखा नव्हता.) शंकूचा प्रत्येक खवला म्हणजे एक पान, त्याच्या वरच्या अंगाला मूत्रपिंडाच्या आकाराची एक पिशवी. पिशव्या वाळून आडव्या फाटल्या होत्या. मी देठाला टिचकी मारली.

पिवळा धूर निघाला, आणि निघाला तो खाली यायला तयार नाही. स्थिर हवेत हा कण सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर खाली येतो. डोंगरावर हवा स्थिर कुठली? दरीतून वर येणाऱ्या वाऱ्याने तो धूर उचलला आणि माझ्या देखत रस्त्यापलीकडे नेला. जमिनीवर सरपटणारं झाड एवढ्यासाठी तो उघडा देठ उभारतं. जमिनीलगत वारा जवळजवळ नसतो. वीतभर वर तो सापडतो. माझ्या स्वेटरच्या बाहीवर पूड पडली होती. बोटाने पुसली, आणि तो तेलकट मऊपणा ओळखीचा निघाला. मला भरून आलं. का ते घरच्यांना सांगता आलं नाही. मी फक्त म्हटलं, ही आमच्या लॅबमधली पूड.

चहाच्या टपरीवरच्या काकींनी नाव सांगितलं: नागबेली. नेपाळी बोलणारे सगळे याला तेच म्हणतात. लग्नाला, सणाला, पाहुणा यायचा असेल तर याच्या लांबच्या लांब माळा काढून कमानीला गुंडाळतात. कुठे कुठे पूड जखमेवर लावतात. त्यांनी त्यांच्या दाराच्या चौकटीवरची एक जुनी माळ दाखवली, वाळून पिवळी पडलेली, पण एकही पान गळालेलं नव्हतं. बघायला फार सुंदर. तरी माझ्या मनात तेव्हाच खळकन काहीतरी झालं, कारण मी नुकतीच त्या दोरीच्या मागे मागे जाऊन आले होते. एक माळ ओढून काढायला मिनिट लागत नाही; मुळं वरवरची, पट्कन सुटतात. तेवढं खोड पुढे सरकायला त्या झाडाला काही वर्षं लागलेली असतात. स्वीडनमध्ये हेच झाड विणून पायपुसणी करत. उत्तर युरोपात याचं एक भावंड रंगाऱ्यांना कापडावर रंग पक्का बसवायला तुरटीच्या जागी चालायचं, कारण ही झाडं जमिनीतलं ॲल्युमिनियम शोषून अंगात साठवतात. इंग्लंडमधल्या, व्हायकिंग काळातल्या यॉर्क शहराच्या उत्खननात त्याचे अवशेष सापडले, आणि ते समुद्रापलीकडून आणलेले होते. म्हणजे ओढून काढणं जुनंच. काकींना मी काही म्हटलं नाही. त्यांच्या पाहुण्यांचा मान त्या माळेत होता, आणि मी स्वतः वर्षानुवर्षं बाटलीतून तेच झाड चमच्याने वापरत होते. पण ती बाटली मी आता मुलांना उधळू देत नाही. सांडलेली पूड ब्रशने गोळा करून परत भरायला सांगते.

परतल्यावर बॉटनीच्या बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझं पुढचं वर्षभर व्यापलं. मी त्यांना सहज म्हटलं होतं, एवढे कोट्यवधी बीजाणू, मग ही झाडं जिकडे तिकडे का उगवत नाहीत? त्या म्हणाल्या, बीजाणू पडला की झाड येत नाही. तो मातीत शिरावा लागतो, कारण या जातीचा बीजाणू अंधारात रुजतो. रुजून त्यातून थेट नागबेली निघत नाही, तर एक रंगहीन, सेंटिमीटरभराचा कंदासारखा जीव तयार होतो: प्रोथॅलस. जमिनीखाली, पानं नाहीत, हिरवेपणा नाही, म्हणून स्वतःचं अन्न करता येत नाही. मातीतली एक बुरशी त्याच्या अंगात शिरते आणि त्याला पोसते. ती भेटली नाही तर काही पेशींपुढे वाढ जात नाही. भेटली तरी त्याला वयात यायला अनेक वर्षं लागतात. मग त्याच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात आणि नर पेशी दोन शेपट्यांनी पोहत मादी पेशीपर्यंत जाते. पोहायला पाणी लागतं. म्हणजे जी पूड बोटाला पाणी लागू देत नाही, तिची पुढची पिढी पाण्याच्या एका पातळ पडद्यावाचून अडून राहते. “मी हे इतकी वर्षं पर्मनंट स्लाइडवरून शिकवते,” बाई म्हणाल्या. “मातीतला प्रोथॅलस मीही पाहिलेला नाही.”

त्या रात्री मी माझे प्रयोग एकेक करून आठवत बसले. कोरडेपणा: प्रवासात बीजाणू ओला झाला, गठ्ठा झाला, तर वाऱ्यावर जाणार कसा? म्हणून ती जाळी, म्हणून जाळीतली हवा, म्हणून बीकरमधलं कोरडं बोट. हलकेपणा: तो वाऱ्यासाठी, आणि त्यामुळेच कुंट्स ट्यूबमध्ये हवेच्या थरथरीबरोबर तो जागा बदलतो. सारखेपणा: पिशवीतली प्रत्येक मातृपेशी विभागून बरोबर चार बीजाणू होतात, सगळ्यांना सारखा वाटा, नर-मादी असा लहानमोठा भेदही नाही, म्हणून भिंतीवर स्वच्छ वलय. आणि तेल. निएप्सने ज्या तेलावर होडी चालवली ते तेल त्या बीजाणूची शिदोरी आहे. मातीत अंधारात रुजल्यापासून बुरशी भेटेपर्यंतचे दिवस त्याला त्या शिदोरीवर काढायचे असतात. आम्ही त्याचे गुणधर्म म्हणून जी यादी जर्नलमध्ये लिहून घेतो, ती त्या झाडाच्या आयुष्याची यादी आहे, हे मला पहिल्यांदा दिसलं. भौतिकशास्त्राच्या माणसाला गुणधर्म सुटा दिसायची सवय असते. घनता एक, आकार एक, ओलेपणा एक. झाडाला ते सगळं एकत्र लागतं.

कोळशाचं एक सांगायला हवं, कारण मी सिक्कीमहून आल्यावर स्टाफरूममध्ये हा विषय निघाला. या घराण्याची पूर्वी प्रचंड झाडं होती, हे खरं आहे. लेपिडोडेंड्रॉन: 30 मीटर आणि त्याहून उंच, खोडावर गळालेल्या पानांच्या चौकटीच्या खुणा, आणि शेंड्याला तेच दुभंगणं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलींत ती माजली, गाडली गेली आणि युरोप-अमेरिकेचा दगडी कोळसा झाला. एका सहकाऱ्याने लगेच चंद्रपूरच्या खाणींशी ते जोडून टाकलं. पण आपला कोळसा नंतरच्या, पर्मियन काळातला, थंड हवेतल्या दुसऱ्याच झाडांचा. त्यात ग्लॉसॉप्टेरिसची जिभेच्या आकाराची पानं सापडतात. मला लेपिडोडेंड्रॉनच्या उंचीचं तितकंसं आकर्षण वाटतही नाही. ती राक्षसी झाडं गेली. जी जमिनीला धरून राहिली, पुढून वाढत मागून मरत राहिली, ती उतरणीवर अजून आहेत.

यंदापासून आम्ही दोघींनी एक प्रॅक्टिकल एकत्र घ्यायला सुरुवात केलीय. फिजिक्सची मुलं लेसरने वलयं पाडून कणाचा व्यास काढतात. मग तीच काचपट्टी घेऊन वर जातात आणि बॉटनीच्या मुलांकडून ऑक्युलर मायक्रोमीटर, म्हणजे नेत्रभिंगातली बारीक मोजपट्टी, लावायला शिकून सूक्ष्मदर्शकाखाली तोच व्यास मोजतात. दोन्ही आकडे जवळ येतात, पण जुळत नाहीत, आणि पहिल्याच दिवशी त्यावरून भांडण लागलं. आमच्या मुलांना वाटलं वरच्यांनी मोजायला चूक केली. वरच्यांना वाटलं लेसरचं गणितच वरवरचं. शेवटी बाईंनी सगळ्यांना ओळीने नळीला डोळा लावायला लावलं. आमचं गणित कण गोल आहे असं धरून चालतं. बीजाणू गोल नसतो. एक बाजू फुगीर, घुमटाची, तिच्यावर ती जाळी; आणि दुसऱ्या बाजूला तीन उतरते पैलू, मधोमध मिळणाऱ्या तीन रेघांचे. मातृपेशीत चार बीजाणू एकमेकांना टेकून तयार होतात. बाकीचे तिघं जिथे टेकले होते तिथे हे तीन पैलू पडतात. आमचा एक मुलगा बराच वेळ नळीवरून उठलाच नाही. मग त्याने जर्नलमध्ये व्यासाच्या रकान्याशेजारी ती तीन रेघांची आकृती काढली आणि विचारलं, “मग व्यास कुठून कुठपर्यंत धरायचा?” बाई म्हणाल्या घुमटाच्या बाजूने, मी म्हटलं सगळ्या बाजूंची सरासरी, आणि आमचं दोघींचं तिथेच सुरू झालं. त्याला म्हटलं, तू दोन्हीकडून मोज आणि दोन्ही आकडे लिहून ठेव.